विमानातून विमान नेताना

(गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच व्यासपीठावर नाट्यसंगीत झालं, उद्या अथर्वशीर्षावर निरूपण आहे आणि मध्ये आज बॅटरी! याचं श्रेय कार्यकारिणीतल्या एका आजोबांना. त्यांचा नातू मे महिन्यात सुट्टीला इंदूरला आला, तेव्हा निघताना विमानतळावर त्याच्या रिमोटच्या विमानाची बॅटरी मोठ्या बॅगेतून काढून ठेवून घेतली. पोरगं हिरमुसलं. आजोबांनी आम्हाला विचारलं, "तुम्ही मंडळी विमानं उडवता ना? मग सांगा, मोबाइल चालतो, लॅपटॉप चालतो, मग या एवढ्याशा बॅटरीनं काय घोडं मारलंय?"

आम्ही म्हणजे शहरातले सहा-सात जण. एक बँकेतून निवृत्त, एक शाळेत शिक्षक, दोन-तीन मुलं इंजिनिअरिंगला आणि प्रस्तुत वक्ता राज्य सरकारच्या विद्युत शाखेत वायरी-पॅनल सांभाळणारा डिप्लोमावाला. गहू निघाला की पाऊस पडेपर्यंत आणि पुढे सोयाबीन निघाल्यावर पेरणीपर्यंतचे थोडे दिवस, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात, विमानतळापासून चांगलं लांब, आमचा रविवार जातो. घरच्यांचं मत वेगळं आहे, ते इथे सांगत नाही.

आता बॅटरीकडे येऊ. पूर्वी मॉडेल विमानांत निकेल-कॅडमियमच्या जड बॅटऱ्या असत, नाहीतर छोटं इंजिन. १९९१ साली सोनी कंपनीनं लिथियम आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे तिचीच बहीण, लिथियम पॉलिमर, आमच्या छंदात आली. आम्ही तिला लिपो म्हणतो. ही माझ्या हातात आहे ती ११.१ व्होल्टची, २२०० मिलिअँपिअर-अवरची. वजन दोनशे ग्रॅमच्या आत. पण तिच्यावर '२५ सी' असं छापलंय, म्हणजे ती २५ पट, ५५ अँपिअर करंट देऊ शकते असा कंपनीचा दावा. हिशेब करा: सहाशे वॉट! काकू, तुमचा मिक्सर साधारण एवढाच असतो. मिक्सर चालवणारी ताकद या पुडीत आहे, आणि हिला ना कडक कवच, ना आत संरक्षणाचं सर्किट. मोबाइलच्या बॅटरीला फोनचं कवच असतं, गडबड झाली तर वीज तोडणारं सर्किट असतं. इथे वजन वाचवायला ते सगळं काढून टाकलंय. आजोबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं आगीत आहे. बॅटरीच्या आत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो आणि ज्वलनशील द्रव असतो. पडदा फाटला, म्हणजे बॅटरी चेपली, टोचली, जादा चार्ज झाली किंवा बाहेरून किल्लीनं, नाण्यानं तिची दोन टोकं जोडली गेली, की आत उष्णता वाढते, उष्णतेनं शेजारचा सेल तापतो आणि साखळी सुरू होते. आमच्या खात्यात आम्ही आग म्हटली की आधी मेन स्विच पाडतो. इथे मेन स्विचच नाही. शिवाय आतली रसायनं तापली की स्वतःच ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे नुसती हवा तोडून भागत नाही. थंड करावं लागतं.

विमानाच्या पोटात, जिथे आपल्या मोठ्या बॅगा जातात, तिथे आग विझवायला हॅलॉन नावाचा वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेलमधून सेलमध्ये जाणारी ती उष्णता थांबवत नाही. आणि तिथे कुणी जाऊन पाणी ओतू शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएसचं (घरातलं यूपीएस नव्हे, अमेरिकेतली कुरियर कंपनी) एक मालवाहू जंबो दुबईहून निघालं. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. आग लागली, धूर कॉकपिटमध्ये शिरला, वैमानिकांना समोरची यंत्रं दिसेनाशी झाली आणि परत फिरूनही विमान कोसळलं. दोघेही गेले. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून न्यायला बंदी आली.

म्हणून सुटी बॅटरी पोटात नाही, हातातल्या बॅगेत. पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, धोक्याची वस्तू माणसांत कशाला? तर तिथे कुणीतरी बघतंय म्हणून. धूर दिसला तर हवाई सेविका पोचू शकते, पाणी ओतू शकते. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान निघायच्या बेतात असताना वरच्या कप्प्यात आग लागली. विमानाचं छत जळून गेलं, पण आतले १७६ जण घसरगुंडीवरून बाहेर पडले. संशय पॉवर बँकेवर होता. त्यानंतर कोरियानं पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच मनाई केली. आम्हीही बॅटऱ्यांची पिशवी वर टाकत नाही, पायाशी ठेवतो.

आता आपापल्या पर्समधली पॉवर बँक काढा. खरंच काढा! मागे बारीक अक्षरांत वॉट-अवर लिहिलेलं असेल. नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १०,००० ची असेल तर ३.७ गुणिले १०, म्हणजे ३७. २०,००० ची ७४. शंभरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही. शंभर ते एकशेसाठमध्ये कंपनीची आधी परवानगी हवी आणि अशा सुट्या फार तर दोन. एकशेसाठच्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. माझ्या हातातली ही २४ वॉट-अवर भरते. मोठ्या मॉडेलची २२.२ व्होल्ट, ५००० ची बॅटरी १११ होते, म्हणजे परवानगीत गेली. किती नग न्यायचे यावर काही कंपन्यांचे आणखी नियम असतात, तिकीट काढतानाच बघून घ्यावेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातली दोन मुलं दक्षिणेत एका महाविद्यालयीन स्पर्धेला निघाली. तीन बॅटऱ्या होत्या. आदल्या रात्री आम्ही सामान तपासलं तर एक फुगलेली, उशीसारखी. मुलगा म्हणाला, "काका, ग्राउंडवर तर चालतेय की!" चालते, हे खरं. पण फुगलेली, चेपलेली, मार बसलेली बॅटरी विमानात कुठल्याच बॅगेत न्यायची नसते, आणि नियम नसता तरी आम्ही नेऊ दिली नसती. साडेतीनशे रुपयांची किंवा साडेतीन हजारांची असो, त्या केबिनमध्ये कुणाची तरी आई बसलेली असते. बराच वाद झाला, वडीलही मुलाच्या बाजूनं. शेवटी दोनच गेल्या. एका फेरीच्या आधी चार्जिंगला वेळ मिळाला नाही, ती फेरी सोडावी लागली आणि नंबर हुकला. वडील अजून भेटले की म्हणतात, तुमच्यामुळे गेला. आम्ही ऐकून घेतो.

त्याच प्रवासात एक गोष्ट घडली ती मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी, कारण ती पॉवर बँकवाल्यांनाही लागू आहे. विमान छोटं होतं, एटीआर, पंख्यांचं. त्यात वरचे कप्पे लहान. दाराशी कर्मचाऱ्यानं हातातली बॅग मागितली, "ही खाली जाईल." मुलानं टॅग लावायच्या आधी तिथेच बॅग उघडून बॅटऱ्यांची पिशवी काढून घेतली. मागची रांग खोळंबली, एक गृहस्थ चिडले. पण तेच बरोबर. बॅग ऐनवेळी पोटात जाणार असेल तर बॅटऱ्या आणि पॉवर बँक काढून स्वतःजवळ ठेवायच्याच. घाईत हेच राहून जातं, म्हणून आम्ही सगळ्या बॅटऱ्या एकाच छोट्या पिशवीत, बॅगेत सगळ्यात वर ठेवतो.

बांधायची पद्धत सोपी. बॅटरी पूर्ण चार्ज करून न्यायची नाही, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणायचा. जाड वायरींच्या कनेक्टरवर टोपी किंवा चिकटपट्टी. त्याच्या शेजारी एक बारीक पांढरा कनेक्टर असतो, त्यालाही चिकटपट्टी. तो हमखास विसरला जातो. प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. छापील लेबल कधी खरवडू नये, तपासणीत तेच कामाला येतं. आग न लागणाऱ्या कापडाच्या पिशव्या मिळतात, त्या वापराव्यात, पण तेवढ्यानं नियमातून सुटका होत नाही. आणि तपासणीवाले 'नाही' म्हणाले तर वाद घालू नये. शेवटचा शब्द त्यांचा.

विमान स्वतः खोक्यात, पंख सोडवून, पंखा उतरवून, बॅटरीशिवाय, मोठ्या सामानात. पाती, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर त्यातच. पण इंजिनवालं मॉडेल असेल तर त्याचं मिथेनॉलचं इंधन हातातही नाही आणि पोटातही नाही. पोचल्यावर तिथल्या मंडळींकडून घ्यावं. बॅटरीही उसनी मिळते, या छंदातली माणसं दिलदार आहेत. आजोबा, नातवाला सांगा, पुण्यातही आमच्या ओळखीचे दोघं आहेत.

प्रवासात कधी कुणाच्या फोनमधून, पिशवीतून धूर दिसला तर हात लावू नका, लगेच हाक मारा. लाजू नका.

शेवटी एक काम. घरात जुन्या खेळण्यांच्या, ड्रोनच्या फुगलेल्या बॅटऱ्या पडल्या असतील तर कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या अंगणात बसणार आहोत. घेऊन या, पण कागदात न गुंडाळता, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून. अशा तीन सेलच्या बॅटऱ्या आम्ही मोकळ्यावर, लांब वायर लावून, गाडीच्या हेडलाइटच्या दिव्यावर हळूहळू रिकाम्या करतो आणि मग ई-कचऱ्यात देतो. मुलांना बघायचं असेल तर जरूर आणा, दोन हात लांब उभं राहायच्या बोलीवर.