के. सुब्रह्मण्यम् आणि ‘त्यागभूमि’

तिरुवल्लिकेणीच्या समुद्रकाठी ज्या जागी स्वातंत्र्य-चळवळीच्या सभा भरत, तिला लोकमान्यांच्या नावाने तिलकघाट म्हणत. त्या सभांतले विषय तमिळ पडद्यावर आणले ते के. सुब्रह्मण्यम् (१९०४–१९७१) यांनी. शिक्षणाने ते वकील. त्यांचा पहिला चित्रपट ‘पवळक्कोडि’ (१९३४) मात्र रंगभूमीवर गाजलेल्या पौराणिक नाटकावरच बेतलेला होता; नायक त्यागराज भागवतर हेही नाटकातलेच. तीन वर्षांनी ‘बालयोगिनी’त विधवांची दुःखे आली, तर १९३८ साली प्रेमचंदांच्या कादंबरीवरून ‘सेवासदनम्’ निघाला.

‘त्यागभूमि’ १९३९चा. कथा ‘कल्कीं’ची. वादळात बेघर झालेल्या दलितांना आसरा देणारे शंभुशास्त्री वाळीत पडतात. त्यांची कन्या सावित्री नवऱ्याच्या छळाने घर सोडते, मुंबईस जाऊन श्रीमंत होते. मग तोच नवरा तिला नांदायला आणण्यासाठी न्यायालयात जातो. मराठी श्रोत्याला येथे रखमाबाईंचा खटला आठवल्यावाचून राहणार नाही. सावित्री नांदायला जाण्याचे साफ नाकारते. उलट नवऱ्यालाच पोटगी देऊ करते! त्या काळच्या प्रेक्षकाला हे पचवणे सोपे नव्हते.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मद्रासेत राजाजींचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. ऑक्टोबर १९३९मध्ये त्याने राजीनामा दिला, कारभार गव्हर्नरकडे गेला, आणि १९४०मध्ये बंदी आली. हुकूम हाती पडेपर्यंत ‘गेइटी’ चित्रगृहात फुकट खेळ चालू ठेवले होते, असे सांगतात. चित्रपटाची एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झालेली आहे.