ड्राइव्ह लॅपटॉपला जोडायची, पण खिडकीला पेटी समजायचं नाही

मी सडक अर्जुनीहून बोलतेय. आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण इअरफोन काढू नका. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची आणि क्लाउडवरच्या फायली लॅपटॉपमधल्या साध्या फोल्डरसारख्या उघडायच्या. याला म्हणतात माउंट करणं.

हे कशाला हवं? आमच्याकडचंच उदाहरण घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा सामूहिक दावा करते. त्यात ठराव असतात, नकाशे असतात, जीपीएसचे पॉइंट, जुनं निस्तार पत्रक, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब. मी हे कागद स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर ठेवायला मदत करते. मोफत जागा १५ जीबी, त्यातच जीमेल आणि फोटोही. लॅपटॉप जुना, डिस्क भरत आलेली. सगळं डाउनलोड करून ठेवणं परवडत नाही, आणि ब्राउझरमध्ये एकेक फाइल शोधायची तर जीव जातो.

मग आपण वापरतो आरक्लोन. हा मोफत, मुक्त सोर्सचा प्रोग्रॅम आहे. लिनक्सवर तो ‘फ्यूज’च्या आधारावर चालतो. फ्यूज २००५ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. विंडोजवर आधी विनएफएसपी नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं.

आता करायचं कसं, ते ऐका. कमांड मी उच्चारते तशा इथे लिहिल्यात. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत.

पहिलं: आरक्लोन, स्पेस, कॉन्फिग. तो प्रश्न विचारत जातो. नवीन जोडणी हवी म्हणा, नाव द्या, समजा ‘ग्रामसभा’. गूगल ड्राइव्ह निवडा. परवानगी किती द्यायची असं विचारेल, तिथे फक्त वाचायची परवानगी निवडता येते. नुसतं बघायचं असेल तर तीच निवडा. मग ब्राउझर उघडेल, लॉगिन करा.

दुसरं: लिनक्सवर ‘दावे’ नावाचं एक रिकामं फोल्डर बनवा. विंडोजवर मात्र ते आधी बनवू नका, त्या नावाचं फोल्डर तिथे आधीपासून असता कामा नये.

तिसरं: आरक्लोन, स्पेस, माउंट, स्पेस, ग्रामसभा आणि त्याला चिकटून कोलन, स्पेस, दावे, स्पेस, डॅश डॅश रीड डॅश ओन्ली. एंटर. विंडो तशीच उघडी ठेवा आणि फोल्डर पाहा. सगळ्या फायली हजर! काम संपलं की कंट्रोल-सी.

इतकं सोपं आहे, आणि खरी भानगड इथूनच सुरू होते. कारण फोल्डर दिसला की आपल्याला वाटतं, फायली आपल्याकडे आल्या. त्या आलेल्या नसतात, बरं का! माउंट म्हणजे खिडकी. पेटी नाही.

म्हणजे काय, ते तीन गोष्टींत सांगते.

एक, नेटवर्क. आमच्या गावाच्या नावातच सडक आहे. महामार्गावर मोबाइलला रेंज असते, आत जंगलाकडे वळलं की काड्या गळायला लागतात. रेंज गेली की खिडकीबाहेर अंधार. नावं दिसतीलही थोडा वेळ, पण फाइल उघडणार नाही.

दोन, डिलीट. तुम्ही या फोल्डरमधून फाइल उडवली तर ती लॅपटॉपवरून नाही, थेट ड्राइव्हवरून उडते. सगळ्या गावाची. गूगलच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, पण आधी कुणाच्या लक्षात तर यायला हवं ना? म्हणून ते रीड ओन्ली विसरू नका.

तीन, सेव्ह करणं. फाइलमध्ये बदल करायचाच असेल तर परवानगी पूर्ण लागेल, रीड ओन्ली काढावं लागेल आणि त्या जागी डॅश डॅश व्हीएफएस डॅश कॅश डॅश मोड, स्पेस, राइट्स असं लावायचं. तेव्हा बदल आधी लॅपटॉपवर साठतो, फाइल बंद केल्यावर साधारण ५ सेकंदांनी वर जायला लागतो. ‘सेव्ह झालं’ म्हणून लगेच झाकण बंद केलं तर वर काहीच गेलेलं नसतं. पुढच्या वेळी त्याच सेटिंगने आरक्लोन चालवलं की उरलेलं अपलोड होतं, पण तोवर बाकीच्यांना जुनीच फाइल दिसणार.

मग ग्रामसभेच्या दिवशी काय करायचं? माउंट नाही, कॉपी. आदल्या रात्री, रेंज असताना, आरक्लोन कॉपी चालवायचं आणि लागणारं एक फोल्डर खरोखर लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं. त्यानंतर आरक्लोन चेक चालवा. दोन्हीकडच्या फायली जुळतात का ते तो सांगतो. सभेत कुणी ‘सीमेचा नकाशा दाखवा’ म्हटलं की नकाशा तिथल्या तिथे उघडला पाहिजे. गोल फिरणारं चक्र पाहायला कुणी मजुरी बुडवून आलेलं नसतं.

फक्त फोन असणाऱ्यांसाठी: टर्मक्स ॲपमध्ये आरक्लोन टाकता येतं. रूट न केलेल्या फोनवर माउंट चालत नाही, पण यादी बघणं आणि कॉपी करणं मस्त चालतं. अर्धं काम तेवढ्यात होतं.

आणि शेवटचं. लॉगिनची किल्ली आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलमध्ये साठते. ती फाइल ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमची ड्राइव्ह. लॅपटॉप चार जण वापरत असतील तर कॉन्फिगमध्येच पासवर्ड लावायची सोय आहे, ती वापरा.

आज रात्री घरच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या फोल्डरवर करून बघा. माउंट झाल्यावर मुद्दाम नेट बंद करा आणि काय उघडतं, काय नाही ते पाहा. पाच मिनिटांत खिडकी आणि पेटीतला फरक कळेल. अडलं तर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया!