ट्रॅकवर नाव कोणाचं?

डहाणू लोकलच्या दारात लटकून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग ऐका. एपिसोड कुठे पळून जात नाहीये.

आजचा विषय तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी सुचवलाय. "ताई, कॉम्प्युटरवर गाणी बनवायचीत, सुरुवात कुठून करू? कुठला लॅपटॉप घेऊ?" लॅपटॉपचं शेवटी बघू. आधी मला सांगायचंय की जगात ही सुरुवात कशी झाली, आणि मग आपल्या पालघर-बोईसरमध्ये कशी झाली. कारण दोन्हीकडची गोष्ट एकसारखी आहे. मशीन दुसऱ्याच कामासाठी आणलेलं होतं, आणि कोणीतरी त्यावर गाणं वाजवलं.

ऑस्ट्रेलियात सायरॅक नावाचा एक खोलीभर मोठा कॉम्प्युटर होता. त्याला एक स्पीकर जोडलेला, पण तो गाण्यांसाठी नव्हता. प्रोग्राम कुठवर आला, हे चालवणाऱ्याला आवाजावरून कळावं म्हणून होता. जेफ हिल नावाच्या प्रोग्रामरने त्याच भोंग्यातून १९५०-५१ च्या सुमारास सूर काढले. १९५१ मध्येच इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या कॉम्प्युटरनेही गाणी वाजवली, आणि ती बीबीसीने रेकॉर्ड केली म्हणून आज ऐकायला मिळतात. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी 'म्युझिक' नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यावर वाजलेला पहिला तुकडा होता १७ सेकंदांचा. म्हणजे आजच्या रीलपेक्षाही छोटा! आणि बेल लॅब्ज काय होती? टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा.

आता या आपल्या रेल्वेलाइनवर. १९६९ साल. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तिथे बसवून दिला. हा कॉम्प्युटर नव्हे हं, वायरी आणि बटणांचं कपाट म्हणा. पण वाद्याशिवाय, विजेतूनच आवाज घडवायचा, ही कल्पना तिथे रुजली. आणि त्याच १९६९ मध्ये, त्याच लाइनवर, बोईसर स्टेशनला उतरून जायचं त्या तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. विजेतून संगीत अहमदाबादला, आणि वीज आपल्याकडे.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. २००० नंतरचं लोडशेडिंग आठवत असेल तर घरच्यांना विचारा. वीज केंद्राच्या परिसरातल्या गावांतही दिवे जायचे. आमच्याकडे जे कॉम्प्युटरवर काहीबाही बनवायचे, त्यांची पहिली शिकवण सूर-तालाची नव्हतीच. दर दोन मिनिटांनी सेव्ह कर, ही होती.

मी हे जवळून बघितलंय. बोईसरला माझ्या काकाचं मोबाइलचं छोटं दुकान होतं. रिचार्ज, कव्हर, आणि मुख्य धंदा मेमरी कार्ड भरून देण्याचा. शाळेतून आले की मी काउंटरवर बसायचे. एमआयडीसीत शिफ्ट सुटली की गर्दी. कोणाला भोजपुरी, कोणाला कोळीगीतं, नवरात्रात गरबा. कॉम्प्युटरवर प्रत्येकाचा फोल्डर वेगळा. आणि एक फोल्डर होता 'आदिवासी डीजे'. तो सगळ्यात पटकन खपायचा.

त्या फोल्डरमधली गाणी कुठल्या कंपनीची नव्हती. ती आपल्याच आजूबाजूच्या पोरांची. कोणी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारा, कोणी सायबर कॅफे सांभाळणारा, कोणी मंडपवाल्याकडे साउंड लावणारा. कॉम्प्युटर आणलेला फोटो एडिटिंगला नाहीतर फॉर्म भरायला. रात्री दुकान बंद झालं की त्यावर फ्रूटी लूप्स उघडायचं. हेच आजचं एफएल स्टुडिओ. बेल्जियममधल्या कंपनीने १९९७ मध्ये काढलेलं, आपल्याकडे मात्र सीडीवरून, क्रॅक होऊन आलेलं. शिकवणारा कोणी नाही. हे बटण दाबलं की काय होतं, एवढाच अभ्यासक्रम.

या पोरांनी एक गोष्ट मात्र पक्की केली. गाण्यात दर अर्ध्या मिनिटाला स्वतःचं नाव. "डीजे अमुक, फ्रॉम तमुक गाव!" आपण हसतो त्या टॅगला. पण विचार करा. गाणं कार्डावरून कार्डावर जाणार, फाइलचं नाव कोणीही बदलणार. मग नाव आवाजातच चिकटवलं तर कोण काढणार? मला तर ती हुशारीच वाटते.

कारण नाव नसलं की काय होतं, याची मोठी उदाहरणं आहेत. एनआयडीत १९६९ ते १९७२ या काळात पाच भारतीयांनी त्या मूगवर काम केलं. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा. त्या टेप संस्थेच्या संग्रहात तशाच पडून होत्या. पॉल पुरगस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा अल्बम आला. मध्ये पन्नास वर्षं गेली!

दुसरं उदाहरण मुंबईचं. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. सूर यंत्रात भरून ठेवायचे आणि यंत्राने ते फिरवत राहायचे, म्हणजे आपल्या आजच्या लूपचंच काम. रेकॉर्ड निघाली, फार कोणी विचारलं नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच रोलँड टीबी-३०३ वर वाजलेल्या संगीताला 'ॲसिड हाउस' नाव पडलं आणि ते जगभर गाजलं. चरणजीत सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा लोकांनी कान टवकारले. २०१५ मध्ये ते गेले. म्हणजे कौतुकाची जेमतेम पाच वर्षं वाट्याला आली.

आता आपल्या घरचा प्रश्न. त्या 'आदिवासी डीजे' फोल्डरमध्ये सगळ्यात जास्त आवाज कशाचा होता? तारप्याचा.

बाहेरगावचे ऐकत असतील त्यांच्यासाठी सांगते. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, सांध्यांना मेण. तारपकरी गालात हवा धरून ठेवतो आणि नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. तो मध्ये उभा, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. त्याने सूर बदलला की पावलं बदलतात. जव्हार तालुक्यातले तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ चा पद्मश्री जाहीर झाला, हे तुम्ही वाचलंच असेल.

आता हा तारपा कॉम्प्युटरला कळत नाही. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून मिडी नावाची पद्धत आणली. बोईसरमध्ये मिडी म्हटलं की लोकांना एमआयडीसीच ऐकू येतं, पण ही वेगळी. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, हे मिडी सांगते. सुरांना नंबर ० ते १२७, एका सप्तकात बारा. तारप्याचे सूर या बारा घरांत नीट बसत नाहीत. बनवणाऱ्याच्या हाताप्रमाणे, भोपळ्याप्रमाणे प्रत्येक तारपा थोडा वेगळा. म्हणून कीबोर्डवरचा 'तारपा' बेसूर किंवा पुंगीसारखा वाटतो. आणि खऱ्या तारप्याचे आठ सेकंद कापून लूप लावला, तर नाचणाऱ्याला लगेच कळतं की हा आवाज आपल्याकडे बघत नाहीये.

म्हणून पोरं खरा तारपा रेकॉर्ड करतात. माझ्या ओळखीतल्या एकाने विक्रमगडकडच्या पाड्यावर मोबाइलमध्ये केला. घरी येऊन ठेका टाकला, बास टाकला, मस्त झालं. एका हळदीत ते वाजलं. तिथे त्या तारपकऱ्याचा नातू नाचत होता, तो नाचता नाचता थांबला. "हा माझ्या आजाचा तारपा." गाण्यात डीजेचं नाव सहा वेळा आलं. आजाचं एकदाही नाही.

भांडण होईल असं वाटलं होतं. नातवाने घरी जाऊन आजाला ऐकवलं. आजा एवढंच म्हणाला, "माझं नसतं घातलं तरी चाललं असतं. पाड्याचं तरी घालायचं." हे कानावर आलं तसा तो डीजे गप्प झाला. मग पुन्हा पाड्यावर गेला, आणि आजाला स्वतःच्या तोंडाने नाव आणि पाडा सांगायला लावला. आजा लाजला, हळू बोलला. त्याने तसंच ठेवलं, इको नाही, काही नाही. आता गाण्यात टॅग दोन आहेत. मला विचाराल तर दुसराच जास्त भारी वाजतो. पैशांचं बोलणं मात्र अजून चालू आहे, आणि ते व्हायलाच पाहिजे.

तर सुरुवात कुठून करायची? लॅपटॉप नसला तरी चालेल. फोनवर बँडलॅबसारखं फुकट ॲप टाका. पहिल्या आठवड्यात विकतचा एकही आवाज वापरू नका. भात झोडण्याचा, फाटकातून गाडी जाण्याचा, सातपाटीच्या बंदरावरच्या लिलावाचा आवाज घ्या. तारपा घ्यायचा तर आधी विचारा, पैशांचं आधी बोला, आणि आठ सेकंद नको, पूर्ण फेर रेकॉर्ड करा. मग सिंथ तारप्याला लावा, तारपा सिंथला नाही. दोन लगतच्या सुरांत १०० सेंट असतात. ॲपमध्ये फाइन ट्यून असेल तर पाच-दहा सेंट इकडेतिकडे सरकवत कानाने जुळवा. आणि फाइल सेव्ह करताना नावातच लिहा: कोणी वाजवलं, कुठे, कोणत्या तारखेला. त्याच वेळी. नंतर राहून जातं.

काकाचं दुकान आता बंद झालंय. कार्ड कोण भरतं आता! पण त्या फोल्डरमधली शंभरेक गाणी माझ्याकडे आहेत, आणि बऱ्याच गाण्यांत कोण वाजवतंय हे मला ठाऊक नाही. पुढच्या भागात त्यातले तुकडे ऐकवणार आहे. एखादा तारपा ओळखीचा वाटला तर घरात मोठ्यांना ऐकवा, आणि नाव कळलं की मला मेसेज करा. पाड्याचं नाव कळलं तरी चालेल.

चला, भेटू. सांभाळून उतरा.