घड्याळ आणि घाट

मागच्या चाकांना ताकद देणारी वेगवान गाडी आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी, यांत चालवायला अधिक मजा कोणती देते, हा आजचा प्रश्न आहे. माळशेज घाटाखालच्या वैशाखरे गावात तो कागदावरचा राहत नाही. गाव मागे पडलं की कल्याण-अहिल्यानगर महामार्ग माळशेजच्या चढाला लागतो. उन्हाळ्यात तिथे कोरडी वळणं असतात. पावसाळ्यात धुकं, रस्त्यावर कोसळणारं पाणी आणि दरडींची धास्ती. गाडी काय करते आहे हे चालकाला जितकं स्वच्छ कळतं, तितका आनंद, असं मी मानतो. या कसोटीवर मागच्या चाकांची गाडी सरस ठरते.

कारण टायरमध्ये आहे. टायरची पकड मर्यादित असते आणि ती वळणं व ओढणं या दोन कामांत वाटली जाते. चारही चाकांना ताकद दिली की पुढच्या टायरवर दोन्ही ओझी येतात; वळणात ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर गाडीचं नाक बाहेर सरकू पाहतं. मागच्या चाकांच्या गाडीत पुढचे टायर ओढण्यातून मोकळे राहतात, म्हणून स्टिअरिंगमधून रस्ता निर्भेळ कळतो. चढावर वजन मागे सरकतं आणि मागच्या टायरची पकडही वाढते.

घड्याळ मात्र चारही चाकांच्या बाजूने आहे. १९८० साली आलेल्या चारही चाकांच्या ऑडी क्वाट्रोने रॅलीचं गणित बदललं. १९८३ मध्ये लान्सिया ०३७ ने मागच्या चाकांवर निर्मात्यांचं जागतिक विजेतेपद मिळवलं. तशा गाडीचं ते शेवटचं. पण घाटात कोणी वेळ लावून बसलेलं नसतं. माळशेजपलीकडे चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ मागच्या चाकांवर ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, तर टाटांची चारही चाकांची हॅरियर ईव्ही ६.३ सेकंदांत, असे कंपन्यांचे दावे आहेत. हा फरक वळणांच्या रस्त्यावर वापरायचा कुठे? बीएमडब्ल्यूने २०१७ च्या एम ५ ला चारही चाकांची ताकद दिली, पण ती फक्त मागे वळवण्याची सोयही ठेवली. वेगापेक्षा वेगळं काही चालकाला हवं असतं, याची ती निर्मात्यानेच दिलेली कबुली आहे.

पावसाचं काय, असा आक्षेप येईल. निसरड्या चढावर गाडी हलवायला चारही चाकं उपयोगी, हे मान्य. पण ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांना लागतात. उतारावर थांबण्याचं अंतर वेग, टायर आणि रस्ता ठरवतात. उलट चारही चाकांमुळे सहज मिळणाऱ्या पिकअपने ओल्या रस्त्याचा अंदाज चुकू शकतो. नवशिक्याच्या हाती मागच्या चाकांची गाडी शेपटाकडून घसरेल, हा दुसरा आक्षेपही खरा आहे. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बंद करू नये. मजेसाठी गाडी घसरावी लागत नाही. बेतशीर वेगातही ती बोलते.

ज्याच्या घरापर्यंतची वाट श्रावणात चिखलाची, त्याने चारही चाकांची गाडी घ्यावी. केवळ चालवण्याच्या हौसेने घेणाऱ्याने मागच्या चाकांची घ्यावी, आणि चारही चाकांच्या यंत्रणेचे वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घालावेत.