अर्धांगवायूनंतरचा क्रोध आणि विषाद
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



अर्धांगवायूच्या रुग्णास भेटावयास जाणारे आपण सर्वजण हात उचलतो काय, पाऊल टाकतो काय, एवढेच विचारतो. परंतु मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली, म्हणजे भावना आवरणाऱ्या भागांसही इजा पोहोचू शकते. मग जन्मभर शांत असलेला गृहस्थ वाढलेले ताट लोटून देतो, सुनेवर ओरडतो. नाहीतर भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून राहतो. घरची माणसे म्हणतात, म्हातारपणी स्वभाव बिघडला. वास्तविक तो त्या आजाराचाच एक भाग होय, आणि त्यावर उपाय आहेत.

झटक्यातून वाचलेल्यांपैकी सुमारे तिघांत एकाला विषादाचा विकार जडतो. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, व्यायाम नकोसा होतो. हातपाय सुधारण्याचे पहिले मोलाचे महिने त्यामुळे वाया जातात. क्रोधाच्या मुळाशी मेंदूच्या इजेबरोबर परावलंबनही असते. ज्याने घर चालविले, त्यास धोतर नेसण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो. वाचा गेली असेल तर विचार मनात असूनही शब्द सापडत नाही. अशा वेळी आपण घाईने वाक्य पुरे करू नये, थांबावे. वाद न घालता आवाज खाली ठेवावा, गलबला कमी करावा. जे काम त्यास जमते, ते त्यासच करू द्यावे. काहींना अकारण रडू वा हसू कोसळते. तेही त्यांच्या स्वाधीन नसते, म्हणून त्यांस हिणवू नये.

स्वभावातील पालट डॉक्टरांस संकोच न करता सांगावा. विषादावर औषधे व समुपदेशन गुणकारी ठरतात. मात्र औषध आपल्या मनाने बंद करू नये. जीव नकोसा झाल्याची भाषा कधीही हसण्यावारी नेऊ नये. सन २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांस १८६८ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, हा झटका आला व डावे अंग अधू झाले. तरीही पुढे १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील त्यांची लस एका मुलाच्या कामी आली.

शेवटी एक विनंती. रुग्णाचे बोल रात्रंदिवस सोसणारी पत्नी किंवा सून हीही थकते. आपल्या ज्ञातीतील अशा घरी जाल, तेव्हा दोन तास रुग्णाजवळ बसून तिला विसावा द्या. फळांच्या करंडीपेक्षा ती भेट मोठी ठरेल.