घरातला आवाज : एक पट्टी की पाच पेट्या?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातील व्याख्यानांचा जो परिपाठ घालून दिला, त्याच परंपरेतल्या या व्यासपीठावरून ‘साउंडबार घ्यावा की होम थिएटर’ असला बाजारी विषय मांडला जावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु ज्या जातीच्या स्पीकरमधून आमचे शब्द या क्षणी आपल्या कानी पडत आहेत, तो हलत्या वेटोळ्याचा स्पीकर राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली जगापुढे मांडला. म्हणजे पुण्यातील व्याख्यानांची पहिली पन्नास वर्षे वक्त्यांनी निव्वळ छातीच्या जोरावर निभावली! आज तोच स्पीकर घरोघर आला आहे, आणि तो एक असावा की सहा, यावरून घराघरांत वाद आहेत. या वादाचा थोडा शास्त्रीय निवाडा करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

वादाचे मूळ टेलिव्हिजनच्या पातळपणात आहे. जुन्या काचेच्या नळीच्या संचाला पोट होते. त्या पोटात बऱ्यापैकी स्पीकर मावे आणि त्याचे तोंड बहुधा पाहणाऱ्याकडे असे. आताचा पडदा भिंतीवर तसबिरीसारखा टांगला जातो. त्यात स्पीकर बसवायचा तो चपटा, आणि त्याचे तोंड खाली जमिनीकडे किंवा मागे भिंतीकडे. चित्र हत्तीएवढे आणि आवाज चिलटाएवढा, अशी स्थिती झाली. याचा खरा जाच होतो तो घरातील वडीलधाऱ्या माणसांना. वय वाढले की कान प्रथम उंच पट्टीचे नाद गमावतो. स्वर हे तुलनेने खालच्या पट्टीत असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’ अशा व्यंजनांची ओळख पटवणारा अंश मात्र उंच पट्टीत, सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वर, असतो. त्यामुळे आजोबांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. मग रिमोटवरचा आकडा चढत जातो, तेवढ्यात संवाद संपून पार्श्वसंगीताचा धडाका सुरू होतो, सूनबाई आवाज कमी करतात, आणि पुढला संवाद पुन्हा हुकतो. असे चार दिवस झाले की म्हातारा मनुष्य ‘तुम्ही पाहा’ म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडतो. आमच्या मते, स्पीकर विकत घेण्याचे पहिले आणि सबळ कारण हे आहे. स्फोटाने भिंती हादराव्यात ही हौस त्यानंतरची.

आता आवाजाला दिशा कशी येते ते पाहू. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेरागृहातील गाणे दूरध्वनीच्या तारांवरून आणून दोन्ही कानांना दोन वेगळे श्रवणयंत्र लावून ऐकवले; गायक कोणत्या बाजूला उभा आहे हे लोकांना न पाहता कळू लागले. पुढे ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन स्पीकरांनी अवकाशाचा भास उभा करण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. आपल्याकडे सामान्य प्रेक्षकाला या करामतीची चटक लावली ती १९७५ च्या ‘शोले’ने. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात ७० मिलिमीटरच्या पडद्याबरोबर निरनिराळ्या दिशांनी येणारा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांनी त्या नाण्याच्या खणखणाटाचे वर्णन आपल्या नातवंडांना केलेले असेलच. १९९२ पासून चित्रपटगृहांत पाच स्पीकर-मार्ग व एक खर्जाचा अशी संगणकी योजना रूढ झाली आणि तीच घरी आली. तिला बाजारात ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात.

या योजनेत समोर डावा, उजवा व मधला असे तीन स्पीकर, श्रोत्याच्या बाजूला किंचित मागे दोन, आणि खर्जासाठी सबवूफर नावाची मोठी पेटी. यांतला मधला स्पीकर घरच्या पुरुषाला सर्वांत कमी आकर्षक वाटतो, आणि काम मात्र सर्वांत मोठे तोच करतो. चित्रपटातील बहुतेक संवाद त्यातूनच येतात. त्याचा आवाज इतरांहून दोन-तीन डेसिबल चढवता येतो. मग आजोबांना शब्द कळतात आणि बंदुकीच्या गोळ्या आटोक्यात राहतात.

साउंडबार म्हणजे या सगळ्यांची एका पट्टीत घातलेली वळकटी. दिसायला देखणी, बसवायला सोपी. एक तार टेलिव्हिजनला, एक विजेला. पण कोनाचा हिशेब करा. आपण पडद्यापासून अडीच मीटरवर बसलो आहोत. दोन सुटे स्पीकर एकमेकांपासून अडीच मीटरवर ठेवले, तर आपल्या ठिकाणी सुमारे ५३ अंशांचा कोन होतो आणि संगीताचा पट समोर पसरतो. एक मीटर लांबीच्या पट्टीच्या दोन टोकांत तोच कोन सुमारे २३ अंश भरतो. तंबोरा, तबला आणि गायक तिघेही एका पाटावर दाटीने बसल्यासारखे वाटतात ते यामुळे.

ही अडचण पट्टी बनविणाऱ्यांना ठाऊक नाही असे नाही. त्यांनी भिंतींना कामाला लावले. आवाज मुद्दाम भिंतीवर आपटवून ऐकवण्याची कल्पना तशी जुनी; अमर बोस या बंगाली पित्याच्या अमेरिकन पुत्राने १९६८ साली जो स्पीकर काढला, त्यातील नऊ शंकूंपैकी आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून होते. २००४-०५ च्या सुमारास यामाहा कंपनीने एका पट्टीत चाळीस लहान स्पीकर बसवले व प्रत्येकाला काटेकोर उशीर देऊन आवाजाचे झोत तयार केले. एक झोत डाव्या भिंतीवर, एक उजव्या, एक थेट. भिंतीवरून परतलेला झोत मागून आल्यासारखा भासतो. कॅरमच्या सोंगटीला ‘रिबाउंड’ने भोकात घालण्याचाच हा प्रकार. आता कॅरमच्या पाटाला एका बाजूची फळीच नसेल तर? आमच्या शहरांतील नव्या सदनिकांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दिवाणखान्याच्या एका अंगाला बाल्कनीचे सरकते दार, त्यावर जाड पडदा. दुसरे अंग जेवणाच्या टेबलाकडे आणि पुढे स्वयंपाकघराकडे उघडे. झोत गेला तो गेला, फोडणीच्या चुरचुरीत मिसळला! छतावरून आवाज परतवून पावसाचा भास देणाऱ्या नव्या पट्ट्यांचीही तीच गत. त्यांना साधारण अडीच ते सव्वाचार मीटर उंचीचे, सपाट, टणक छत लागते. कौलारू घरात तो पाऊस कौलांत जिरेल.

खोलीचा हा प्रश्न मोठा आहे, आणि व्याख्यानांशी त्याचे जन्माचे नाते आहे. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह बांधून तयार झाले आणि त्यात वक्त्याचा एक शब्द कळेना. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्याने रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणाव्यात, मांडाव्यात, आणि आवाज विरावयास किती वेळ लागतो ते मोजावे! रिकाम्या सभागृहात तो साडेपाच सेकंदांच्या आसपास भरला. गाद्या वाढवल्या की वेळ घटे. त्यातून त्याने जे सूत्र काढले ते आपल्याही दिवाणखान्याला लागू पडते. चार मीटर लांब, साडेतीन रुंद, तीन उंच अशी खोली घ्या. खाली चकचकीत फरशी, भिंतींना गुळगुळीत रंग, सामान काही नाही. सूत्राप्रमाणे तेथे आवाज सुमारे ३ सेकंद रेंगाळतो, म्हणजे एक शब्द विरायच्या आत पुढले पाच-सहा शब्द त्यावर चढून बसतात. याच खोलीत गुबगुबीत सोफा, जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि चार माणसे आली की वेळ पाऊण सेकंदाच्या आत येतो. म्हणून आम्ही असे सुचवू की, कोणतीही पेटी आणण्यापूर्वी दिवाणखान्यात एक सतरंजी अंथरून पाहावी. ती निदान बसायला तरी उपयोगी पडते.

खर्जाबद्दल निसर्गाचा कायदा कठोर आहे. ४० कंपनांच्या नादाची लहर साडेआठ मीटर लांब असते. ती उठवायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. नाद एक सप्तक खाली नेला आणि जोर तोच ठेवायचा म्हटला, तर चौपट हवा हलवावी लागते. पट्टीतल्या दोन-अडीच इंची शंकूंना ते झेपत नाही, म्हणून जोडीला कोपऱ्यात ठेवण्याची पेटी देतात. साधारण ८० कंपनांच्या खालचा नाद कोठून येतो हे कानाला नीट सांगता येत नाही, तेव्हा ती पेटी कोठेही ठेवली तरी चालावे. परंतु पट्टी फारच किरकोळ असेल, तर पेटीला दीडशे-दोनशे कंपनांपर्यंत ओझे उचलावे लागते. पुरुषाच्या आवाजाचा पाया याच पट्ट्यात येतो. मग नायक पडद्यावर मध्यभागी उभा आणि त्याच्या आवाजाचे धड मात्र सोफ्यामागच्या कोपऱ्यात, असा भुताटकीचा प्रकार घडतो. शिवाय खर्ज भिंत मानत नाही. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला संवाद ऐकू येत नाहीत, नुसते धक्के पोचतात. २००० सालच्या ध्वनिनियमांनी रहिवासी भागासाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, हे गणेशोत्सवात आपण इतरांना सांगतो. सबवूफर घेतल्यावर ते स्वतःला सांगावे लागते.

वॅटचे आकडे पाहून दिपून जाऊ नये. १९९० नंतरच्या काळात पेटीवर हजार-हजार वॅटच्या चिकट्या लावून केवढा बाजार झाला! पाऊण वीत रुंदीचा स्पीकर आणि वर ‘पीएमपीओ’ अशी मुद्रा. दुप्पट वॅट म्हणजे अवघे ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर शक्ती सुमारे दहापट लागते. ‘बिनतारी’ या शब्दाचेही तसेच. मागच्या बिनतारी स्पीकरला आवाजाची तार नसते. विजेची बहुधा असतेच, आणि सोफ्यामागे प्लग नसेल तर भिंत फोडावी लागते.

टिकाऊपणाची गोष्ट निराळी. सुट्या स्पीकरात लाकडी पेटी, लोहचुंबक, वेटोळे आणि शंकू याखेरीज बिघडण्यासारखे फारसे नाही. शंकूभोवतीची फोमची कड आमच्या दमट हवेत काही वर्षांनी भुगा होते खरी, पण ती बदलून मिळते. रबराची कड अधिक टिकते. एक बिघडला तर एकच दुरुस्तीला जातो. पट्टीत मात्र वर्धक, संगणकी पाटी आणि स्पीकर एकाच पोटात. पाटी गेली, तिचा सुटा भाग मिळेना, की सगळी पट्टी भंगारात. हिशेबात हेही धरले पाहिजे.

मग घ्यावे काय? भाड्याची जागा, दोन्ही बाजूंना उघडा दिवाणखाना, तारा दिसल्या की गृहस्वामिनीच्या कपाळाला आठी. अशा ठिकाणी तारांचे जाळे आणण्यात अर्थ नाही. तेथे मध्यभागी स्वतंत्र संवाद-स्पीकर असलेली पट्टी घ्यावी आणि ‘आभासी सभोवताल’ वगैरे शब्दांचे पैसे मोजू नयेत. ज्यांची स्वतःची, चार भिंतींची खोली आहे आणि आठवड्याला दोन चित्रपट सावकाश बसून पाहण्याची सवय आहे, त्यांनी सुटे पाच स्पीकर जरूर घ्यावेत. पाठीमागे भिंत चिकटलेला सोफा फूट-दोन फूट पुढे ओढण्याची तयारी मात्र हवी. पण आमच्यासारखे जे बहुसंख्य आहेत, ज्यांच्या घरी सकाळी भीमसेन लागतो, संध्याकाळी बातम्या आणि रविवारी एखादा चित्रपट, त्यांना दुकानदार सहसा जो तिसरा मार्ग दाखवीत नाही तो आम्ही दाखवू इच्छितो. दोन चांगले सुटे स्पीकर आणि एक साधा वर्धक. कोन ६० अंशांचा, तोंडे आपल्याकडे किंचित वळवलेली, उंच पट्टीचा शंकू कानाच्या उंचीवर. दोहोंच्या बरोबर मध्ये बसले की संवाद पडद्याच्या मधूनच येतो, मधल्या पेटीवाचून. मात्र बाजूला बसणाऱ्याला तो जवळच्या स्पीकरकडे सरकलेला वाटतो, म्हणून ती मधली जागा आजोबांची. पुढे पैसा जमला की मधला स्पीकर आणि त्याला चालणारा रिसीव्हर आणता येतो, मूळचे दोन टाकावे लागत नाहीत. तारेसाठी पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी तार पुरते. सोन्याच्या मुलाम्याची तार लग्नात द्यावी.

दुकानात ऐकताना दुकानदाराची चित्रफीत नको. ती त्याच यंत्राला साजेशी निवडलेली असते. आपल्या पाठ असलेली एक ठुमरी आणि एक जुना मराठी चित्रपट बरोबर न्यावा, आवाज घरी रात्री दहानंतर असतो तितका हळू करावयास सांगावा, आणि पडद्याकडे पाठ करून बसावे. शक्य असेल तर ज्यांना शब्द कळत नाहीत त्यांनाच बरोबर न्यावे. त्यांनी एकदाही ‘काय म्हणाला?’ असे विचारले नाही, तर पेटी बांधून द्यायला सांगावी.