फिरत्या घरांतील पाणी

शहरांत राहणाऱ्या मनुष्यास पाण्याचा विचार करण्याचा प्रसंग बहुधा नळ कोरडा पडला म्हणजेच येतो. तोटी फिरविली कीं पाणी येतें, मोरींत ओतलें कीं तें जातें. तें कोठून आलें व कोठें गेलें याची काळजी नगरपालिका वाहते. परंतु ज्यांनीं आपलें घर चाकांवर थाटलें, त्यांना हीं दोन्ही ओझीं स्वतःच वाहावीं लागतात.

अशीं घरें नवीं नाहींत. जर्मनींतील फोक्सवॅगनची पेटीच्या आकाराची व्हॅन १९५० सालीं निघाली आणि पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया कारखान्यानें तिच्यांत निजण्याबसण्याची सोय करून दिली. आज युरोप-अमेरिकेंत पुष्कळ हौशी लोक मालवाहू व्हॅन रिकामी विकत घेतात आणि करवत व पाना हातीं धरून तिचें घर स्वतःच करतात. सुतारकाम बहुतेकांना साधतें. फळी अर्धा इंच आखूड कापली गेली तर दुसरी कापतां येते. पाण्याचें तसें नाहीं. सांध्यांतील चूक फळ्यांआड महिनेच्या महिने झिरपत राहते, आणि पायाखालची फळी कुजून मऊ पडली म्हणजे मग मालकाच्या ध्यानांत येते.

पुष्कळजण प्रथम टाकी घेतात, मग पंप, मग चकचकीत तोटी, आणि सांडपाण्याचें शेवटीं पाहूं असें म्हणतात. हा क्रम उफराटा आहे. आधीं मोरी ठरवावी. वापरलेलें पाणी आपल्या वजनानेंच खालीं उतरावें, म्हणून त्याची टाकी मोरीपेक्षां खालच्या पातळीवर हवी. ती बहुधा गाडीच्या पोटाखालीं बसते, आणि तेथें धुराड्याची तापलेली नळी, चाकांचा आंस व इंधनाची टाकी यांनीं आधींच जागा अडविलेली असते. जी जागा उरेल तिच्यावर मोरी कोठें यावी हें ठरतें. घरांतल्या मोरीखालीं वांकडी नळी असते व तिच्या बांकांत साठलेलें पाणी दुर्गंधी अडवितें. गाडीच्या धक्क्यांनीं मात्र तें पाणी हिंदकळून निघून जातें व वास बिनदिक्कत आंत शिरतो. म्हणून येथें रबरी पडदा असलेली कोरडी झडप बरी. हें सांडपाणी नेमलेल्या ठिकाणींच रिकामें करावयाचें असतें. रस्त्याच्या कडेस तें सोडून देणारे महाभाग आहेतच, आणि त्यांच्यामुळें पुढच्या प्रवाशांना त्या जागीं उतरण्याची बंदी होते.

आतां वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम. शंभर लिटरांची टाकी भरली कीं एक धिप्पाड गृहस्थ गाडींत येऊन बसला असें समजावें. युरोपांत अशा बहुतेक गाड्यांस सर्व भारासह ३५०० किलोग्रॅमची मर्यादा असते. बिछाने, कपाटें व माणसें चढल्यावर तींत फारसें कांहीं उरत नाहीं. शिवाय हा गृहस्थ स्वस्थ बसत नाहीं. ब्रेक दाबतांच तो पुढें धांवतो, वळणावर बाजूस कलतो, आणि टाकी अर्धी भरलेली असली म्हणजे तर विशेषच. म्हणून टाकी शक्य तितकी खालीं व आंसाजवळ ठेवून लोखंडी पट्ट्यांनीं सांगाड्यास आवळावी, व ती मोठी असल्यास आंत आडवे पडदे असावेत. खरें पाहतां, पिणें, स्वयंपाक व भांडीं एवढ्यापुरतेंच पाणी हवें असेल तर वीस लिटरांचे दोन कॅन आणि पायानें दाबण्याचा पंप दोघांना पुरे होतो. त्यांत बिघडण्यासारखेंही थोडेंच आहे.

ज्यांना स्नानाची धार हवी, त्यांना बारा व्होल्ट बॅटरीवर चालणारा पडद्याचा पंप लागतो. तोटी उघडली कीं नळीतला दाब उतरतो व पंप सुरू होतो. बंद केली कीं दाब चढतो व तो थांबतो. त्याच्या तोंडाशीं गाळणी अवश्य हवी, कारण टाकीस भोंक पाडतांना उडालेली प्लॅस्टिकची एखादी कात पंपाच्या झडपेंत अडकली तरी तो निकामी होतो. टाकीस हवा आंत येण्यासाठीं स्वतंत्र वाट ठेवून तिच्या तोंडावर बारीक जाळी लावावी. पंपाच्या तारेंत फ्यूज असावा, आणि तारा पाण्याच्या नळ्यांखालून कधींही नेऊं नयेत.

थंड देशांत खरा शत्रु हिंवाळा. गोठतांना पाणी सुमारें नऊ टक्के फुगतें. पेक्स नांवाच्या लवचिक प्लॅस्टिकच्या नळ्या हा ताण बऱ्याच अंशीं सोसतात, धक्केही सोसतात. पण त्यांचे पितळी सांधे, पंपाचें डोकें व पाणी तापविण्याचें भांडें फुटतें. म्हणून सर्व नळ्या एका सखल जागेकडे उतरत्या ठेवून तेथें निचऱ्याची तोटी बसवावी. कांहीं लोक नळ्यांत न गोठणारें द्रव्य भरतात. तें प्रॉपिलीन ग्लायकॉलचें, पिण्याच्या नळ्यांसाठीं म्हणून विकलें जाणारेंच असावें. इंजिन थंड राखण्याकरितां एथिलीन ग्लायकॉलचें द्रव्य सर्रास वापरतात. तें विष आहे. तें गोड लागतें, म्हणून मुलांस त्याचा धोका अधिक.

फळ्या ठोकण्यापूर्वीं परीक्षा घ्यावी. टाकी भरून पंप चालू ठेवावा व प्रत्येक सांध्याभोंवतीं कोरडा कागद फिरवावा. मग खडबडीत रस्त्यानें तासभर गाडी हांकून पुन्हा तोच कागद फिरवावा. अंगणांत कोरडे राहिलेले सांधे पुष्कळदां या तासांतच पाझरूं लागतात.

पुढें घर पुरें होऊन प्रवास सुरू झाला, आणि एखाद्या रात्रीं कोणीं तोटी उघडलेली नसतांना पंप क्षणभर गुरगुरून थांबला, तर दाब कोठें तरी उतरतो आहे असें समजावें. कधीं पंपाच्याच झडपेंतून पाणी मागें परततें, पण पुष्कळदां एखादा सांधा गळत असतो. सकाळपर्यंत वाट न पाहतां उठावें, आधीं पंपाची कळ बंद करावी, आणि मग विजेरी घेऊन मोरीखालच्या कपाटापासून शोधास आरंभ करावा.